खर्जकाकांची उत्तरं

सोमवार, १ सप्टेंबर

पहिला दिवस पार पडला. गळ्यातल्या कार्डावर ‘पाहुणा’ असं छापलंय. माझं खरं कार्ड यायला आठवडा लागेल म्हणे. दारावरच्या माणसाने दिवसात तीनदा विचारलं, “कोणाकडे आलात?” तिसऱ्यांदा म्हटलं, “स्वतःकडेच.” तो हसला नाही.

‘वाद्यवृंदाच्या शिक्षण विभागात’ असं आई नातेवाइकांना छाती फुगवून सांगत सुटली आहे. विभाग म्हणजे सभागृहाच्या मागची एक लांबोडी खोली. चार टेबलं आणि एक झेरॉक्सचं यंत्र, त्या यंत्राला खेटून माझं टेबल. कोणी प्रती काढायला आलं की मी पोट आत घेऊन खुर्ची पुढे ओढायची. सहा महिने अशी ओढली की मग ठरेल, ठेवतात की नारळ देतात.

विभागप्रमुख बाई हुशार आहेत, पण सतत घाईत. माझ्याशी बोलताना त्या माझ्या मागच्या घड्याळाकडे बघतात. दुसरी आहे ती शाळांची वेळापत्रकं लावते. चहाला निघताना ती मला विचारेल असं वाटलं होतं. तिने तिची बाटली उचलली आणि गेली. मीही विचारलं नाही. विचारून ‘नाही’ ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं.

खोलीवर येऊन ब्रेड आणि उकडलेलं अंडं खाल्लं. खालच्या लॉन्ड्रीची वाफ खिडकीतून येते, त्यामुळे सगळ्या घराला इस्त्रीचा वास. बरा वास आहे. निदान कोणीतरी घरात आहे असं वाटतं.

बुधवार, ३ सप्टेंबर

पहिली शाळाभेट. आमचा एक वादक वाद्य घेऊन वर्गात जातो, वाजवून दाखवतो, मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. सोबत शिकाऊ मुलगी जाते, मुलांना बसवते, गप्प करते आणि परत येऊन अहवाल लिहिते. शिकाऊ म्हणजे मी.

वादक म्हणजे एक सेलोवाले आजोबा. पस्तीस वर्षं वाद्यवृंदात वाजवून निवृत्त झाले, आता फक्त शाळाभेटी करतात. आवाज असा की विहिरीतून येतोय. मी मनात नाव ठेवून टाकलं, खर्जकाका. तोंडावर ‘सर’च म्हणते.

बसथांब्यावर मी ‘नमस्कार सर’ म्हटलं तर बघितलंसुद्धा नाही. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा, “अगं, तू होय शिकाऊ! अशी ये, या बाजूला.” असं म्हणून खांद्याला धरून मला उजवीकडून डावीकडे ठेवलं, कपाट सरकवतात तसं. बसमध्ये एवढ्या मोठ्याने बोलत होते की मला स्वयंपाक येत नाही, मी एकटी राहते आणि माझे बूट चावतात हे पुढच्या ड्रायव्हरपर्यंत पोचलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण वर्गात बसून त्यांनी सेलोच्या मानेवर डोकं टेकवलं, डोळे मिटून खुंट्या पिळल्या आणि गज टाकला... काय सांगू! पस्तीस वांड पोरं जमिनीवर बसली होती, एकानेही नाक ओढलं नाही. माझ्या हातावर काटा आला. दोन वर्षांत संगीत ऐकून काही झालं नव्हतं मला. होऊ द्यायचंच नाही असं ठरवलं होतं.

मग प्रश्न. हे किती जुनं आहे? जड असतं का? शिकायला किती वर्षं लागली? पटापट उत्तरं. चौथ्यांदा मागच्या रांगेतून एक बारकी मुलगी हळूच म्हणाली, “वाजवताना तुम्हाला कधी रडू येतं का?”

खर्जकाका म्हणाले, “येतं की! अगदी पाच वर्षांच्या मुलालाही येतं. फक्त छोटा आणावा लागतो.”

वर्ग फुटला. ती मुलगी लाल होऊन खाली बसली. काका हसणाऱ्या पोरांकडे बघून खुशीत हसले, सगळ्यांच्या थोडं मागून.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

शाळाभेटीचा अहवाल म्हणजे एक पानी फॉर्म. मुलांचा प्रतिसाद, शिक्षकांचा प्रतिसाद, आणि शेवटी चौकट, ‘कलावंताविषयी निरीक्षण’. माझ्या आधीच्या शिकाऊंचे अहवाल चाळले. सगळीकडे ‘उत्तम’. मुलांनी वर्गात मारामारी केली असती तरी ‘उत्तम’.

आमचे बाबा म्हणतात, काम हातात घेतलं की चोख करावं, नाहीतर घेऊ नये. मी चौकट भरली. लिहिलं, ‘कलावंत अप्रतिम वाजवतात. मात्र प्रश्न एक आणि उत्तर भलतंच, अशी त्यांची खास शैली आहे. रडू येतं का असं विचारल्यावर पाच वर्षांच्या मुलासाठी छोटं रडू मिळतं अशी मोलाची माहिती वर्गाला मिळाली.’

बाईंनी उभ्या-उभ्या वाचलं आणि चक्क खो-खो हसल्या. “अगं, तुला लिहिता येतं की!” पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. वेळापत्रकवालीनेही मान वर केली, “काय गं, काय लिहिलंस?”

लहान मुलासारखी खूश झाले मी. घरी येताना उगाच लांबच्या रस्त्याने आले.

रविवार, ७ सप्टेंबर

आईचा फोन.

“जेवतेस कोणाबरोबर?”

“ऑफिसातल्या मैत्रिणी आहेत ना.”

“नावं सांग.”

“आई, तू काय पोलीस आहेस?”

“पोलिसाला एवढी काळजी नसते. ताईचं बघ, लग्नानंतर चार दिवसांत सगळी गल्ली तिच्या ओळखीची झाली. तू लहानपणापासून दाराआड उभी. कोणी ‘ये’ म्हटल्याशिवाय पाऊल टाकायची नाहीस.”

म्हटलं, तसं काही नाही, आज तर आम्ही सगळ्याजणी बागेत जाणार आहोत. फोन ठेवला आणि मोजे धुतले.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

या आठवड्यात दोन भेटी. दोन्ही खर्जकाकांबरोबर.

एक गंमत झाली. सभागृहाच्या मागे जिन्याखाली एक बाक आहे. मी तिथे माझा ब्रेड खात होते. काका आले, माझ्या उजवीकडे बसले म्हणजे मी आपोआप त्यांच्या डावीकडे, आणि सफरचंद कापून अर्धं माझ्यापुढे धरलं. “रोज इथेच जेवतेस? मीही. कँटीनमध्ये फार कालवा असतो, डोकं उठतं.” मग गज कसा धरायचा म्हणजे करंगळी दुखत नाही ते सफरचंदाच्या सुरीने दाखवलं. मला ते येतं, पण सांगितलं नाही.

आता सलग तीन दिवस आम्ही त्या बाकावर जेवलो. ते बडबडतात, मी ऐकते. मी काही म्हटलं तर माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात. आधी अवघडल्यासारखं व्हायचं. पण खरं सांगू, या गावात माझ्याकडे एवढं लक्ष देऊन कोणी बघत नाही.

आणि तरी अहवालात मी त्यांचं एक ‘भलतं उत्तर’ टाकलंच. बाई वाट बघत असतात ना. ‘काय म्हणाले आज आपले काका?’ असं विचारायला त्या स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. चुकीचं तर काही लिहीत नाही मी. जे झालं तेच. जरा मीठ-मिरची लावून.

गुरुवार, १८ सप्टेंबर

लिहिताना दोनदा कागद फाटला. रागाने की कशाने, देव जाणे.

आजची शाळा लांबची होती. भेट छान झाली, पोरांनी नेहमीचेच प्रश्न नेहमीच्याच क्रमाने विचारले. परतताना बसथांब्यावर आम्ही पाऊण तास बसलो होतो. रस्ता खणत होते, धूळ आणि खडखडाट. सेलोची पेटी काकांच्या डाव्या हाताला होती, म्हणून मी उजवीकडे बसले. आणि मला काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागले. त्यांच्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत. बघून बोलताच आलं नसतं.

सगळं सांगितलं. बारा वर्षं व्हायोलिन शिकले. संगीत महाविद्यालयाच्या निवडीला तीन परीक्षक समोर बसले होते. मध्यावर माझा हात थांबला. विसरले नव्हते, नुसता थांबला. त्या शांततेत एकजण म्हणाला, “पुढचा.” घरी सांगितलं की मला कंटाळा आला, मीच सोडलं. आई अजून चारचौघांत म्हणते, आमच्या धाकटीला चिकाटी नाही. मी ऐकून घेते. कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं आहे. दोन वर्षं ते व्हायोलिन पलंगाखाली आहे, इथेही बरोबर आणलंय, पेटी उघडलेली नाही. हे मी जिवंत माणसाला पहिल्यांदा सांगत होते. शेवटी विचारलं, “सर, तुमचा हात कधी थांबला होता का?”

काही बोलले नाहीत. मला वाटलं विचार करतायत. मी वळून बघितलं तर ते रस्त्याच्या टोकाकडे बघत होते. मग उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, “चल, आली बस.”

चल, आली बस!

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. ते मात्र खुशाल सांगत होते की जोड्यांत जाड मोजे घातले की बूट चावत नाहीत.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

अहवाल लिहिला. पूर्ण पान. तिन्ही आठवड्यांतली भलती उत्तरं एकाखाली एक, नाटकातल्या संवादांसारखी. शेवटी लिहिलं, ‘कलावंताला मुलांच्या प्रश्नांत रस नाही. समोरचा काय बोलतो याच्याशी त्यांना देणंघेणं नसावं. विभागाने या भेटींचा विचार व्हावा.’

शेवटचं वाक्य व्याकरणात गडबडलं आहे हे आत्ता दिसतंय. देताना दिसलं नाही, एवढा राग होता.

सोमवार, २२ सप्टेंबर

साप्ताहिक बैठकीत बाईंनी माझा अहवाल मोठ्याने वाचला. आवाज काढून. सगळे हसून-हसून लोळले. वेळापत्रकवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. बैठक संपल्यावर ती म्हणाली, “चल गं, चहाला.”

एकवीस दिवसांनी! गेले. चहा पाणीदार होता, पण टेबलाभोवती पाच माणसं होती आणि त्यातली एक मी होते.

वरच्या खिडकीतून जिन्याखालचा बाक दिसतो. काका सफरचंद घेऊन बसले होते. मी तोंड वळवलं. बसू देत एकटे, कळू दे म्हटलं कसं वाटतं ते.

बुधवार, १ ऑक्टोबर

काका आणि मी बोळात समोरासमोर आलो. त्यांनी हात वर केला, “अगं शिकाऊ! आहेस कुठे?” मी पुटपुटले, “काम आहे.” ते म्हणाले, “हो हो, मजेत!” आणि गेले.

बघा. मजेत म्हणे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

बाईंनी काकांना बाजूच्या काचेच्या खोलीत बोलावलं होतं. दार बंद. काचेतून फक्त पाठ दिसत होती. मी झेरॉक्सच्या यंत्रात कागद भरत होते, तो दहा मिनिटं भरत राहिले. बाहेर आले तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले. नेहमीसारखं, जरा उशिरा.

नंतर बाईंनी सांगितलं, “तुझे सगळे अहवाल ठेवले त्यांच्यापुढे. म्हटलं, तुमचं काय म्हणणं आहे? मला वाटलं भांडतील. सगळे शांतपणे वाचले. एका ठिकाणी हसलेसुद्धा. मग म्हणाले, बरोबर लिहिलंय पोरीने. कंटाळा आलाय मला, मुलांचं काय ऐकायचं तेच तेच. या महिन्यापासून थांबतो.”

“थांबतो म्हणजे?”

“म्हणजे सोडलं. बरं झालं, मलाच सांगायची वेळ आली नाही. एवढा मोठा वादक, पण गर्व बघ! लोकांचं ऐकायलाच नको.”

मला त्यांना घालवायचं नव्हतं. मला फक्त... काय हवं होतं मला? त्यांनी वळून बघावं असं हवं होतं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

बाईंनी विचारलं, सहायक म्हणून कायम राहशील का. शाळाभेटी मीच करायच्या. “तुझ्या अर्जात व्हायोलिन लिहिलंय ना? मुलांपुरतं वाजवलंस तरी पुरे.” पुढच्या बुधवारपर्यंत उत्तर हवंय.

म्हणजे काकांची जागा. सरळ सांगायचं तर तसंच आहे. आईला फोन केला तर ती एवढी ओरडली की लॉन्ड्रीतल्यांना ऐकू गेलं असेल. “बघितलंस! चिकाटी आली की नाही!” मी म्हटलं, आली.

गळ्यातल्या कार्डावर अजून ‘पाहुणा’च आहे. कोणाच्या लक्षात नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

टेबलावर बंद पाकीट. काका सकाळी येऊन दारावर देऊन गेले म्हणे. मोठं, सुबक अक्षर.

‘शिकाऊस,
मुलांचे प्रश्न संपले. आता माझ्याकडे तुझ्यासाठी एक प्रश्न आहे. रविवारी चार वाजता घरी ये. पत्ता खाली दिलाय, तिसरा मजला. व्हायोलिन आण. तुझ्या हनुवटीखाली ते धरल्याची खूण अजून दिसते, पहिल्याच दिवशी पाहिली होती. पण तू कधी बोलली नाहीस.’

कधी बोलली नाहीस! पाऊण तास बोलले होते मी! आयुष्यात एकदा तोंड उघडलं, तेही यांच्यापुढे, आणि हे म्हणतात कधी बोलली नाहीस. एक शब्द कानावर घेतला नव्हता म्हणजे. इतकी कवडीमोल होते मी त्यांना.

जाणार नाही. कशाला बोलावतायत ते न कळण्याइतकी मी भोळी नाही. अहवालांवरून खरडपट्टी काढायची असेल.

नंतर लिहिते आहे. पलंगाखालून पेटी काढली. दोन तारा गेल्यात. उद्या दुकान किती वाजता उघडतं बघायला हवं.

रविवार, १९ ऑक्टोबर

चारला पाच मिनिटं कमी असताना पोचले. तीन जिने चढताना पेटी गुडघ्याला लागत होती. तोंडात वाक्य घोळवत होते, ‘सर, माझं चुकलं, पण तुम्हीही माझं ऐकलं नाहीत.’ चुकलं आधी म्हणायचं की नंतर, ते ठरत नव्हतं.

आतून सेलो वाजत होता.

आमच्याकडचा पहिला नियम, जो शाळांना पाठवायच्या पत्रकावर मीच छापते: वादन चालू असताना दार वाजवू नये, थांबल्यावरच आत जावं. म्हणून उभी राहिले. सोपी, संथ रचना होती. चार ओळी वाजायच्या आणि मग बराच वेळ काही नाही. मी त्या थांबण्यात बेल दाबली. चांगली खणखणीत बेल, मलाच दचकायला झालं. आत शांतता. पायांचा आवाज येईल म्हणून मी केस नीट केले.

सेलो पुन्हा सुरू झाला.

पुन्हा चार ओळी, पुन्हा थांबले. पुन्हा बेल, या वेळी दोनदा. पुन्हा तेवढंच थांबणं, आणि पुन्हा गज. तिसऱ्यांदा तर पहिल्यापासून सुरू केलं.

ऐकलं त्यांनी. ऐकून, थांबून, मला मोजून परत वाजवायला घेतलं. घरी बोलावून दारात उभं करायचं, हा त्यांचा प्रश्न होता तर. आणि बरोबरच आहे. मी त्यांना पाचजणांच्या हसण्यासाठी विकलं. त्यांनी मला बंद दारापुढे उभं केलं. फिट्टंफाट.

साडेचारपर्यंत उभी होते. शेजारच्या दारातून एक बाई कचऱ्याची पिशवी घेऊन आली, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणणार होती, तेवढ्यात मी जिना उतरायला लागले. रडताना कोणी बघितलेलं मला चालत नाही.

आज आईचा फोन घेतला नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

जिन्यात बसून लिहिते आहे. अक्षर वाकडं येतंय.

दुपारी पुन्हा पाकीट आलं.

‘रविवारी चार ते सात वाट पाहिली. नाही आलीस. रागावलो नाही. अहवालाचं तुझ्या मनाला लागलं असेल, तर सोडून दे. तू जे पाहिलंस ते लिहिलंस आणि लिहितेसही चांगलं. मी पोटभर हसलो. दोघांसाठी एक सोपी रचना काढून ठेवली होती. माझी बाजू परत परत वाजवत बसलो, तू आलीस की लगेच सुरू करता यावं म्हणून. दार नुसतं लोटून ठेवलं होतं, बेल वाजवायची गरज पडू नये म्हणून. पुन्हा कधी वाटलं तर ये.’

दोनदा वाचलं. पहिल्यांदा डोकंच फिरलं. खोटं किती बोलावं माणसाने! मी चारला तुमच्या दारात होते, तीनदा बेल वाजवली!

आणि मग तिथल्या तिथे, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी, सगळं माझ्या अंगावर आलं.

तीन तास दार लोटून कोण ठेवतं? ज्याला बेल ऐकू येत नाही, तो ठेवतो.

कँटीन नको, कारण कालव्यात काही कळत नाही. मला नेहमी डावीकडे ठेवायचं, म्हणजे तो कान बरा असणार. सेलोच्या मानेवर डोकं टेकवून सूर लावायचे. माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचं. हसायचं ते सगळ्यांच्या मागून. आणि मुलांचे प्रश्न! ती सगळीकडे तेच विचारतात, त्याच क्रमाने. वय, वजन, किती वर्षं लागली, मलाही येईल का. काका ऐकत नव्हते, क्रमाने उत्तरं देत होते. त्या बारकीने क्रम मोडला आणि वर्ग हसला. मी तो हशा कागदावर उतरवून घेतला.

आणि बसथांबा. रस्ता खणत होते. मी उजवीकडे बसले होते, भिंतीकडे बघत. त्यांच्यापर्यंत माझा एक शब्दही पोचला नाही.

त्यांनी बाईंना सांगितलं, मला कंटाळा आलाय. गर्विष्ठ म्हणवून घेतलं. ज्याने आयुष्यभर कानावर पोट भरलं, त्याने ‘मला ऐकू येत नाही’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी नाही का सांगत फिरत, की मला कंटाळा आला, मीच सोडलं!

बाई म्हणाल्या, उद्या बुधवार, उत्तर काय? म्हटलं, सकाळी सांगते. त्यांना काय सांगू? खरं सांगितलं तर जे लपवायला काकांनी भेटी सोडल्या तेच मी चव्हाट्यावर मांडणार. एवढंच सुचलंय, की विचारावं, भेटींना दोघं गेलो तर? काका वाजवतील, मी त्यांच्या डावीकडे बसून मुलांचे प्रश्न सगळ्यांना ऐकू जातील असे पुन्हा म्हणेन. वर्गात कोणाला वावगं वाटणार नाही. पण ते आधी काकांना विचारायला हवं. त्यांना न विचारता त्यांच्याबद्दल एक ओळही आता कुठे लिहिणार नाही. ही वही सोडून.

ऑफिसातून तशीच निघाले, आधी खोलीवर जाऊन व्हायोलिन घेतलं. आज काकांच्या दाराला आतून कडी आहे, ढकलून बघितलं. रविवारी मात्र उघडं होतं. एक बोट लावलं असतं तरी उघडलं असतं. आई म्हणते ते खोटं नाही, मेलीने कधी दार ढकललं नाही.

आत सेलो वाजतोय. तीच रचना. चार ओळी, मग रिकामी जागा. ती जागा थांबण्याची नव्हतीच, माझ्या वाजवण्याची होती. मी माझ्याच जागेत बेल वाजवत होते.

वहीचं पान फाडून लिहिलं, ‘रविवारीही आले होते. दार ढकललं नाही. बेल वाजवत बसले, गाढव आहे. बसथांब्यावर मी तुम्हाला काहीतरी सांगितलं होतं, ते पुन्हा सांगायचंय, या वेळी डावीकडे बसून. आत्ता दारात आहे.’ दाराखालून सरकवलं. फट अरुंद आहे, अर्धंच आत गेलं, अर्धं बाहेर राहिलंय. त्यांची खुर्ची दाराकडे पाठ करून असेल तर रात्र होईपर्यंत दिसणार नाही. असू दे. मी बसले आहे. शेजारची बाई मघाशी येऊन विचारून गेली, “कोणाकडे आलीस गं?” म्हटलं, “यांच्याकडेच.” तिने आतून पाण्याचा पेला आणून दिला.

सहा वाजले. सेलो थांबलाय. ही रिकामी जागा नेहमीपेक्षा लांब वाटतेय.

आत्ता पायाजवळचा कागद हलला. बाहेरचं टोक हळूहळू आत चाललंय.